पावसाळी रानातली अळंबी ओळखताना: सुरुवात बुडापासून

पावसाने एकदा जम धरला की सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या बांधांवर आणि विदर्भातल्या जंगलांत अळंबी डोकं वर काढायला लागते. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी, चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला सात्या नाहीतर टेकोडे, आणि जी कुणी खात नाही ती सगळी सरसकट कुत्र्याची छत्री. रानवाटेवर दिसलेली अळंबी कोणत्या गटातली, जमल्यास कोणत्या जातीची, हे टप्प्याटप्प्याने कसं ठरवायचं ते इथे सांगतो आहे.

खायची कोणती, हे या लेखात नाही. लेख वाचून, फोटो जुळवून किंवा मोबाइलमधल्या अ‍ॅपला विचारून रानातली अळंबी ताटात घेऊ नका. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन काही दिवसांत १३ माणसं दगावली, त्यात एक लहान मूलही होतं. त्यातली बहुतेक चहामळ्यांच्या भागातली, म्हणजे रानाशी रोजचा संबंध असलेली माणसं होती. पावसाळ्यात आपल्याकडेही विषबाधेच्या बातम्या येतात, आणि त्यात बऱ्याचदा अख्खं घर एकदम दवाखान्यात पोचलेलं असतं, कारण भाजी सगळ्यांनी मिळून खाल्लेली असते.

नवखा माणूस अळंबी वरून बघतो. टोपीचा रंग, आकार, फार तर वरचे ठिपके. पण टोपीइतकं फसवं काही नाही. दोन तासांच्या सरीत तिच्यावरचे खवले धुऊन जातात, ऊन पडलं की रंग फिका होतो, आणि सकाळी गोल असलेली टोपी संध्याकाळी सपाट होऊन कडा वर वळलेल्या असतात. खरी ओळख टोपीच्या खाली आणि त्याहून जास्त मातीच्या खाली असते. म्हणून उलटीकडून सुरुवात करायची: आधी जमीन, मग बूड, मग दांडा, मग टोपीची खालची बाजू, आणि टोपीचा रंग अगदी शेवटी.

निघण्यापूर्वी

पाठपिशवीत फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, लहान सुरी, मोजपट्टी, वही-पेन्सिल (शाईचं पेन पावसात चालत नाही), वर्तमानपत्राचे किंवा खाकी कागदाचे तुकडे आणि एक पुठ्ठ्याचा डबा. प्लास्टिकची पिशवी नको. तिच्यात घाम धरून नमुना दोन तासांत काळा-चिकट होतो आणि मग त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. यात भर म्हणून मी खिशातला लहान आरसा सुचवेन. तो अळंबीच्या खाली जमिनीवर सरकवला की न तोडता टोपीची खालची बाजू दिसते, आणि फोटोही मिळतो. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू तीच आहे.

हातात काठी हवी. पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने तो हलवून बघा. कोकणात फुरसं नेमकं अशाच जागी बसलेलं असतं. जळवांसाठी पायमोजे पँटवर ओढून घ्या.

आणि जागेचा कायदा माहीत असू द्या. भीमाशंकर, कोयना, राधानगरी, फणसाड किंवा गोव्यातलं नेत्रावळी, म्हादई यांसारख्या अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथून आपण अळंबीही उचलायची नाही. वनहक्क कायदा, २००६ खाली स्थानिकांना गौण वनोपजाचे हक्क मिळालेले असतात, ती गोष्ट वेगळी, ते हक्क फिरायला आलेल्या माणसाचे नव्हेत. अभयारण्यात आरसा आणि कॅमेरा यांवर भागवायचं. नमुना घ्यायचाच असेल तर आपल्या किंवा ओळखीच्या माणसाच्या शेतातून, बांधावरून, परवानगी घेऊन.

एक शंका नेहमी विचारली जाते, हात लावला तर विष बाधतं का? नाही. ही विषं पोटात गेल्यावर काम करतात, त्वचेतून नाही. हाताळा, मग हात धुवा. मात्र जिभेला लावून चव बघायची पद्धत काही परदेशी पुस्तकांत सांगतात, ती अजिबात नको.

पहिला टप्पा: उगवली कशावर आहे

वाकण्याआधी उभ्यानेच आजूबाजूला बघा आणि वहीत लिहा. जिवंत झाड, मेलेलं लाकूड, कुजका पाला, शेण, वारूळ, गवताळ माळ, भाताच्या पेंढ्यांचा ढीग, यांपैकी काय? एकटी आहे, झुबक्याने आहे, की अंगणभर पसरली आहे?

एवढ्यावरच निम्मी चाळणी होते. वाळवीची अळंबी वारुळाशिवाय येत नाही. वारूळ वर दिसत नसलं तरी जमिनीखाली असतंच. शेणावर येणाऱ्या बहुतेक नाजूक, लांब दांड्याच्या छत्र्यांचे बीजाणू (म्हणजे बुरशीचं भुकटीसारखं बारीक बी) काळे असतात. लाकडावर वाढते ती लाकूड कुजवते. हिरवळीवर, शाळेच्या मैदानात, सोसायटीच्या बागेत पहिल्या पावसांनंतर येणारी मोठी पांढरी छत्री बघितली की एका विशिष्ट विषारी जातीचा संशय आधी घ्यायचा, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

झाडाची जातही लिहा. अ‍ॅमॅनिटा, रसुला, बोलीट अशा कितीतरी अळंब्या झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात आणि त्यांना ठरावीकच झाडं लागतात. निलगिरीच्या किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीच्या लागवडीत दिसणारी अळंबी आणि शेजारच्याच जांभूळ-अंजनीच्या देवराईतली अळंबी यांत म्हणूनच बराच फरक असतो.

जमिनीवर पडलेल्या काडीवर उगवलेली अळंबी वरवर मातीतून आल्यासारखी दिसते. पाला बाजूला करून बघितल्याशिवाय ‘मातीवर’ असं लिहू नका.

दुसरा टप्पा: बूड

वरून चिमटीत धरून खेचली की दांडा मोडतो आणि सगळ्यात मोलाचा पुरावा जमिनीत राहतो. सुरीने किंवा टोकदार काडीने दांड्याच्या एका बाजूची माती हळूहळू सैल करा, दोन-तीन बोटं खोल जा आणि मग सगळी अळंबी खालून उचला. एका जागेवरची एक पूर्ण वाढलेली आणि एक कोवळी, एवढ्या दोन पुरेत.

बुडाशी चारपैकी एक गोष्ट दिसेल. दांडा सरळ उतरून संपतो, ही एक. दुसरी, बूड फुगून कांद्यासारखं झालेलं असतं. तिसरी, बुडाभोवती पातळ कातड्याची मोकळी वाटी किंवा फाटकी पिशवी असते. आणि चौथी, दांडा जमिनीत शिरल्यावरही थांबत नाही, निमुळता होत मुळासारखा खाली जातच राहतो.

पिशवी दिसली की सावध व्हा. अ‍ॅमॅनिटा कुळातल्या, जगातल्या सर्वाधिक मृत्यूंना कारण ठरलेल्या अळंब्यांची ती खूण आहे. कोवळेपणी सगळी अळंबी एका पांढऱ्या आवरणात गुंडाळलेली असते. ती वाढते तसं आवरण फाटतं, त्याचा खालचा भाग बुडाशी पिशवी म्हणून उरतो आणि वरचे तुकडे टोपीवर खवले किंवा चामखिळीसारखे चिकटून राहतात. हे खवले पावसात निघून जातात, पिशवी मात्र मातीखाली शाबूत असते. पिशवी असलेली प्रत्येक अळंबी अ‍ॅमॅनिटा नसते, भाताच्या पेंढ्यावर येणाऱ्या व्हॉल्वेरिएलालाही पिशवी असते. पण तो निवाडा पुढच्या खुणा तपासून करायचा. पिशवी न बघताच पुढे जाणं इथे महागात पडतं.

मातीतून अर्धवट डोकावणारं पांढरं अंडं मिळालं तर ते सुरीने उभं कापून बघा, त्यात खूप काही दिसतं. आत सगळीकडे एकसारखा पांढरा, भरीव गर असेल तर ती कोवळी भुईफोडी (छत्री नसलेली, गोळ्यासारखी अळंबी) असू शकते. आत जांभळट-काळा गर आणि बाहेर जाड कडक साल असेल तर स्क्लेरोडर्मा, ती विषारी. आत चिकट जेलीचा थर आणि त्यात हिरवट गाभा असेल तर ती जाळीदार फॅलस. आणि कापाच्या पृष्ठभागावर टोपी, दांडा, गिल्स (टोपीखालचे पातळ पडदे) यांची रेखाकृती उमटलेली दिसली तर हातात छत्रीचा गर्भ आहे, आणि तो अ‍ॅमॅनिटाचाही असू शकतो. या अवस्थेत व्हॉल्वेरिएला आणि अ‍ॅमॅनिटा यांतला फरक डोळ्यांनी करता येत नाही. म्हणून कळ्यांवरून कधीही ओळख पक्की करू नका.

तिसरा टप्पा: दांडा आणि कडं

दांडा पोकळ की भरीव, तंतुमय की खडूसारखा मोडणारा? दांड्यावर कडं आहे का? असेल तर ते चिकटलेलं आहे की बोटाने वरखाली सरकतं? नाजूक कडं गळून पडतं आणि दांड्यावर फक्त पुसटशी रेघ उरते, ती भिंगाने शोधा. कडं असलं की विषारी, हा समज खरा नाही. वाळवीच्या अळंबीतल्या टर्मिटोमायसिस हायमी या जातीलाही कडं असतं, आणि बाजारात मिळणाऱ्या बटण मश्रूमलाही टोपी उघडल्यावर ते दिसतं.

चौथा टप्पा: टोपीची खालची बाजू

इथे आरसा कामाला येतो. खाली तीनपैकी एक रचना दिसेल: पातळ उभे पडदे म्हणजे गिल्स, बारीक छिद्रं, किंवा काटे. काटेवाल्या आपल्याकडे क्वचितच दिसतात. छिद्रं असून अळंबी मांसल आणि दांडेवाली असेल तर बोलीट, लाकडाला चिकटलेली कडक फळी असेल तर ब्रॅकेट.

गिल्स असतील तर त्या दांड्यापर्यंत पोचून चिकटल्या आहेत, दांड्यावरून खाली उतरल्या आहेत, की दांड्यापासून थोडं अंतर राखून सुट्या आहेत, ते बघा. त्यांचा रंग लिहा, आणि कोवळ्या-जुन्या दोन्ही नमुन्यांचा वेगवेगळा लिहा. अ‍ॅगॅरिकसच्या (बटण मश्रूम याच कुळातलं) गिल्स आधी गुलाबी आणि मग चॉकलेटी होतात. अ‍ॅमॅनिटाच्या शेवटपर्यंत पांढऱ्या राहतात. फक्त जुना नमुना बघणाऱ्याला हा बदल कळतच नाही.

मग टोपी उभी कापा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. काप निळा, लाल किंवा पिवळा पडतो का? दुधासारखा चीक येतो का? चीक आला तर लॅक्टेरियसच्या कुळाकडे बघा. वास घ्या, आणि कशासारखा ते स्वतःच्या शब्दांत लिहा: ओल्या पिठाचा, माशाचा, फिनेलचा, काहीही. वास पुस्तकाशी जुळला नाही तरी चालेल, पुढच्या वेळी तुमची नोंद तुम्हाला ओळखता आली पाहिजे.

पाचवा टप्पा: बीजाणूंचा ठसा

हा टप्पा घरी करायचा. लोक कंटाळून सोडून देतात आणि तिथेच ओळख अर्धवट राहते.

पूर्ण उघडलेली टोपी घ्या. दांडा टोपीच्या अगदी लगत कापा. निम्मा काळा, निम्मा पांढरा कागद (दोन कागद शेजारी चिकटवले तरी चालेल) घेऊन त्यावर टोपी गिल्सची बाजू खाली करून ठेवा, अशी की ती दोन्ही रंगांवर पडेल. वर पाण्याचा एक थेंब टाका, काचेचा वाडगा उपडा घाला आणि रात्रभर हलवू नका. पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, म्हणून काळा कागद.

सकाळी वाडगा काढून टोपी अलगद सरळ वर उचला. गिल्सच्या जागी बारीक भुकटीच्या रेघा मध्यापासून कडेपर्यंत उमटलेल्या असतात. रंग नैसर्गिक उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली गुलाबी आणि मलईरंग यांत गोंधळ होतो. पांढरा किंवा मलईसारखा ठसा अ‍ॅमॅनिटा, रसुला यांचा. गुलाबीसर ठसा टर्मिटोमायसिस आणि व्हॉल्वेरिएलाचा. तांबूस-तपकिरी कितीतरी कुळांचा. चॉकलेटी अ‍ॅगॅरिकसचा. काळा शेणावरच्या कोप्रिनस-पॅनियोलसचा. आणि मळकट हिरवा ठसा उमटला तर समोर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस, म्हणजे हिरवळीवरची ती विषारी पांढरी छत्री आहे, असं जवळपास निश्चित समजा.

सराव बाजारातल्या अळंबीवर करा. भाजीवाल्याकडे टोपी उघडलेलं, म्हणजे त्याच्या दृष्टीने जुनं झालेलं बटण मश्रूम मागा, शेजारी धिंगरी ठेवा आणि दोघांचे ठसे घ्या. एक गडद चॉकलेटी, दुसरा पांढुरका. रंगाचा हा फरक एकदा बघितला की रानातल्या नमुन्यावर हात बसतो. कागदावर तारीख आणि जागा लिहून, वर पारदर्शक कागद लावून ठसा ठेवून द्या.

तीन पांढऱ्या छत्र्या

आता हे टप्पे एकत्र लावून बघू. पावसाळ्यात आपल्याकडे ज्यांची गल्लत जिवावर बेतू शकते, त्या या तीन.

वाळवीची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस. कोकण-गोव्यात रस्त्याकडेला पानात बांधून विकायला येते ती बहुतेक हीच. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रॉजर हाइम यांनी १९४२ मध्ये या कुळाला हे नाव दिलं. ओडोंटोटर्मिस जातीची वाळवी पाला आणि लाकूड चावून वारुळाच्या आत सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यावर ही बुरशी पोसते. बुरशी लाकूड पचनाजोगं करते, वाळवी बुरशी खाते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही. पावसाळ्यात त्या गड्ड्यातून कोंब निघतो आणि मातीचा थर फोडत वर येतो. त्याच्या शरीरावर या प्रवासाच्या दोन खुणा राहतात. टोपीच्या मध्यावर टणक, टोकदार उंचवटा, ज्याने त्याने माती फोडली. आणि दांड्याचं जमिनीखाली निमुळतं होत गेलेलं लांब मूळ, जे थेट गड्ड्यापर्यंत पोचतं. माती नीट सैल करत गेलात तर वीतभर, कधी हातभर खाली गेल्यावरही ते संपत नाही. त्यावर बारीक काळपट साल असते आणि आत पांढरा तंतुमय गर. गिल्स सुट्या, ठसा गुलाबीसर, बुडाशी पिशवी नाही.

या कुळात एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस ही इवलीशी, बोटाच्या पेराएवढ्या टोपीची जात शेकड्यांनी एकदम उगवते आणि तिला लांब मूळ नसतं, कारण वाळवीने गड्ड्याचे तुकडे वर आणून टाकलेले असतात, त्यावर ती येते. म्हणजे मूळ नाही म्हणून वाळवीची नाही, असं म्हणता येत नाही. तरी अशा लहान पांढऱ्या छत्र्यांत इतर जाती सहज मिसळतात, त्यामुळे ही ओळख नवख्याने पक्की धरू नये.

मूळ बघण्याच्या नादात वारूळ उकरू मात्र नका. गड्डा फुटला की त्या जागेचं पुढच्या वर्षाचं पीक गेलं. मूळ एका नमुन्याचं, तेही जितकं सहज मोकळं होईल तितकंच बघायचं.

दुसरी छत्री क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. हिरवळ, गुरांचा माळ, शेताचा बांध, गावातलं मैदान, जिथे माणूस राबता ठेवतो तिथे ती येते. जेवणाच्या ताटाएवढीसुद्धा होते. टोपी पांढरी, मध्यावर तपकिरी कातडं, जे वाढताना फुटून खवल्यांसारखं पसरतं. दांड्यावर जाड कडं, जुनं झालं की वरखाली सरकणारं. बूड किंचित फुगीर, पिशवी नाही, लांब मूळही नाही. गिल्स कोवळेपणी शुभ्र असतात आणि गोंधळ तिथेच होतो. दोन-तीन दिवसांनी त्या हिरवट-राखाडी होतात. संशय असेल तर ठसा घ्या, मळकट हिरवी भुकटी कागदावर दिसली की वाद संपतो. ही खाल्ल्यावर एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू होतात. लहान मुलांना शरीरातलं पाणी कमी होऊन गंभीर धोका होऊ शकतो.

तिसरी अ‍ॅमॅनिटा. बुडाशी पिशवी किंवा तिचे अवशेष, दांड्यावर बहुधा पडद्यासारखं लोंबतं कडं, पांढऱ्या सुट्या गिल्स, पांढरा ठसा. ही चार लक्षणं एकत्र आली तर तिथेच थांबा. या कुळातल्या सगळ्या जाती मारक नाहीत, पण ज्या आहेत त्यांच्यातली अ‍ॅमाटॉक्सिन्स, म्हणजे यकृत निकामी करणारी विषं, उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवूनही नष्ट होत नाहीत.

तिन्ही वरून पांढऱ्याच छत्र्या. मातीखाली एकीला मूळ, दुसरीला साधा फुगवटा, तिसरीला पिशवी. कागदावर एकीचा गुलाबीसर ठसा, दुसरीचा हिरवा, तिसरीचा पांढरा. टोपी बघून जो प्रश्न सुटत नव्हता तो या दोन जागी सुटतो.

छत्री नसलेल्या अळंब्या

यांच्या बाबतीत चुकण्याची भीती कमी आणि सापडण्याची शक्यता भरपूर, म्हणून सुरुवात करणाऱ्याने खरं तर इथूनच करावी.

पडलेल्या फांदीवर राखाडी-पांढरे, केसाळ, पंख्यासारखे पापुद्रे दिसले तर ते उलटून भिंगाखाली धरा. प्रत्येक गिल कडेला मधोमध उभी चिरलेली आणि दोन्ही कडा बाहेर वळलेल्या दिसतील. हे शिझोफायलम कम्यून. उन्हाळ्यात ते वाळून आक्रसतं, या वळलेल्या कडा मिटतात आणि पाऊस पडला की पुन्हा उघडतात. वाळलेला तुकडा घरी आणून पाण्यात टाकला तरी हे बघता येतं. मणिपुरात ते आवडीने खातात.

ओल्या खोडावर तपकिरी, मऊ, लवचिक कान म्हणजे ऑरिक्युलेरिया. लाकडाच्या फटीतून नारिंगी, चमच्याच्या टोकाएवढ्या चकत्या आल्या तर डॅक्रिओपिनॅक्स. गडद नारिंगी-लाल, कडक, पातळ फळी म्हणजे पिक्नोपोरस, खालची छिद्रंही लालच. गुलाबी-नारिंगी उभे पेले, त्यात पावसाचं पाणी साचलेलं, म्हणजे कुकेइना. कुजक्या लाकडातून वर आलेली काळी बोटं झायलेरियाची. चांदणीसारखी फाकलेली भुईफोडी जिअ‍ॅस्ट्रम. शेणावर किंवा काडीवर इवली घरटी आणि आत अंडी असं दिसलं तर सायाथस, त्या ‘अंड्यां’त बीजाणू असतात आणि पावसाच्या थेंबाच्या माऱ्याने ती उडून लांब पडतात. बांबूच्या बेटाजवळ सडक्या वासाचा भपकारा आला आणि माश्या घोंगावताना दिसल्या तर जाळीचा पांढरा झगा घातलेली फॅलस शोधा. तिचे बीजाणू माश्याच नेतात.

लाखेसारखी चकाकणारी तांबडी-तपकिरी फळी, म्हणजे गॅनोडर्मा, रानात दिसली तर नोंद करून पुढे जा. पण नारळाच्या किंवा सुपारीच्या बुडाशी दिसली तर बागायतदाराला जरूर सांगा. त्या झाडाला मूळ-खोड कुजण्याचा रोग लागल्याची ती खूण असते, आणि फळी बाहेर येईपर्यंत आत बरंच नुकसान झालेलं असतं.

कुजक्या लाकडावर पिवळाधमक, फेसासारखा थर रोज थोडा थोडा सरकताना दिसला तर ती बुरशीच नव्हे. तो स्लाइम मोल्ड, वेगळ्याच गटातला जीव.

घरातल्या कुंडीत येणारी पिवळी छत्री ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमी. झाडाला ती काही करत नाही, पण विषारी आहे, रांगतं मूल किंवा कुत्रं घरात असेल तर काढून टाका.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्याच्या रात्री काही कुजकी लाकडं फिकट हिरवी उजळतात, त्या उजेडामागे मायसिनासारख्या बुरशा असतात. टॉर्च पूर्ण बंद करून डोळे काळोखाला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबावं लागतं. अभयारण्यात रात्री फिरण्यावर बंधनं आहेत, वनखात्याच्या परवानगीने आणि स्थानिक वाटाड्याबरोबरच जा.

ज्या कसोट्यांवर विश्वास ठेवू नये

शिजवताना चांदीचा चमचा, लसूण किंवा तांदूळ टाकायचा, काळा पडला तर विषारी. किड्यांनी, गोगलगायींनी खाल्लेली असेल तर माणसालाही चालते. लाकडावरची सगळी चांगली. पांढरी ती चांगली, रंगीत ती विषारी. साल सोलली गेली की खायला हरकत नाही. मिठाच्या पाण्यात उकळून पाणी फेकलं की विष जातं. यांतली एकही कसोटी खरी नाही. अ‍ॅमॅनिटा पांढरीशुभ्र असू शकते, गोगलगायी ती खातात, आणि अ‍ॅमाटॉक्सिनने चांदी काळी पडत नाही.

रानातली अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाणारी माणसं या कसोट्या लावत नाहीत. कातकरी, ठाकर, गोंड, माडिया घरांतली जाणती बाई अमुक वारूळ, अमुक नक्षत्र, अमुक जात अशी ओळख ठेवते आणि त्याच जागेवर त्याच दिवसांत जाते. हे ज्ञान त्या जागेला बांधलेलं असतं. दुसऱ्या मुलखात गेल्यावर तेच दिसणारं दुसरंच काही उगवतं. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना म्हणून कळकळीने सांगतो: कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, मेलबर्न-कॅनबेरात आणि युरोपभर ओकच्या झाडांखाली अ‍ॅमॅनिटा फॅलॉइडिस उगवते. कोवळेपणी ती आशियातल्या पेंढ्यावरच्या अळंबीसारखी दिसते आणि या सारखेपणाने आशियातून तिकडे गेलेल्यांचे जीव घेतले आहेत. तिथे गावाकडची आठवण काढून काही उचलू नका.

कुणी खाल्लीच तर

वेळ सगळ्यात महत्त्वाची. खाल्ली कधी आणि त्रास सुरू झाला कधी, हे लिहून ठेवा. अर्ध्या ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा पोटाचं विष असतं. सहा तासांनंतर, कधी बारा किंवा चोवीस तासांनी सुरू झाले तर अ‍ॅमाटॉक्सिनची शक्यता धरून एक मिनिटही घालवू नका. यात एक भयंकर फसवणूक आहे. जुलाब थांबतात, दिवसभर माणूस बरा वाटतो, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असतं. दोन प्रकारच्या अळंब्या एकाच भाजीत असतील तर लवकर त्रास झाला म्हणून उशिराचा धोका टळला असंही होत नाही.

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायचा खटाटोप करू नका. १०८ ला फोन करा, किंवा थेट मोठ्या रुग्णालयात न्या. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्यांना काहीही होत नसलं तरी सगळ्यांना न्या. उरलेली भाजी, निवडताना टाकलेली देठं, न शिजवलेली एखादी अळंबी कागदात गुंडाळून बरोबर घ्या. कचऱ्याच्या डब्यातली देठं डॉक्टरांना फार उपयोगी पडू शकतात.

नोंद आणि नमुना

प्रत्येक अळंबीचे निदान पाच फोटो हवेत: दुरून परिसरासकट, बाजूने उभी, वरून, खालून, आणि बुडासकट उपटून मोजपट्टीशेजारी ठेवलेली. कापलेला उभा छेद असेल तर सहावा. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकताना हे सगळे एकाच नोंदीत टाका. नुसत्या टोपीच्या फोटोवर जाणकार माणूसही कुळापलीकडे जात नाही आणि जाऊही नये. अ‍ॅपने सुचवलेलं नाव ही तपासाची सुरुवात समजा. वारुळाची किंवा उजळणाऱ्या लाकडाची नेमकी जागा सार्वजनिक करू नका, गर्दी झाली की ती जागा संपते.

जातीपर्यंत जायचं तर बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्यासाठी नमुना नीट वाळवलेला असावा लागतो. उभे दोन काप करून पंख्याखाली किंवा सुमारे ४० अंशांच्या कोरड्या उबेत कुरकुरीत होईपर्यंत वाळवा. कडक उन्हात किंवा तव्यावर नको. मग कागदी पाकिटात घालून, ते पाकीट सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. पाकिटावर तारीख, गाव, उंची, आधार (लाकूड, वारूळ, शेण), शेजारची झाडं, ताज्या नमुन्याचे रंग आणि वास, ठशाचा रंग हे सगळं लिहा. वाळल्यावर रंग आणि वास दोन्ही जातात, नंतर ते कुणालाच सांगता येत नाहीत. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे आणि तिथेच राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहही आहे. आधी पत्राने किंवा ईमेलने विचारून, फोटो आणि या नोंदी पाठवून मगच नमुना न्या. कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागातही अशा नोंदींसह गेलात तर कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघून देतं. ठशाचा कागद बरोबर न्यायला विसरू नका, स्लाइडसाठी बीजाणू त्यावरूनच घेता येतात.